हात मागे बांधलेल्या बाई

पडणाऱ्या माणसाला हात देणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. पण पडणाऱ्या माणसाकडे हात मागे बांधून बघत उभी राहणारी, आणि तरीही त्याला पडू न देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या कर्वेनगरला राहायच्या, फिजिओथेरपिस्ट होत्या, आणि आमच्या घराचं आज जे काही बरं चाललंय त्यातलं निम्मं त्यांच्या फटकळ तोंडातून आलेलं आहे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, आणि त्यांना न आवडणारी गोष्ट करायची हिंमत पदवी मिळाल्यावरही माझ्यात आलेली नाही.

माझे वडील, म्हणजे आबा, मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात हमाल होते. ट्रकमधून पोतं पाठीवर घ्यायचं आणि गाळ्यात नेऊन थप्पीला लावायचं, हे त्यांचं काम. आई त्याच यार्डात कांदा निवडायला जायची. मागच्या वस्तीत आमची एक खोली, आणि त्या खोलीत माझ्या बी.कॉम.च्या पुस्तकांनी एक कोनाडा अडवलेला. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि हे सांगताना मला अजूनही संकोच वाटत नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना एके सकाळी आबा पोत्यासकट खाली बसले, ते परत उठलेच नाहीत. अर्धांगवायूचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. सरकारी दवाखान्याने जीव वाचवला आणि "आता व्यायाम करून घ्या" असं सांगून घरी सोडलं. जन्मभर दुसरं काहीच न केलेल्या माणसाला व्यायाम कसला सांगतात, असं म्हणून आम्ही आमच्या परीने सेवा सुरू केली. आई त्यांना अंघोळ घालायची, भरवायची, दाढीसुद्धा तीच करायची. कोणी कसलंसं तेल सांगितलं, कोणी कबुतराचं रक्त चोळा म्हणालं. तेल आणून चोळलं, कबुतर आणून सोडून दिलं; आईला बघवेना. आबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. एक दिवस अडखळत मला म्हणाले, "पोरी, माझं पोतं झालं गं." मी कॉलेजातल्या आमच्या मॅडमना विचारलं, आणि त्यांनी कर्वेनगरच्या बाईंचा पत्ता दिला. देताना म्हणाल्या, "गुण येईल. मात्र अपमानाची तयारी ठेवून जा."

बाईंचा दवाखाना एका सोसायटीच्या तळमजल्यावर, पार्किंगला लागून होता. कुंपणाला एक लहानसं गेट, गेटपासून दवाखान्याच्या दारापर्यंत पंधरा-वीस पावलांची फरशी. पुण्यात असूनही आत एकही सूचना लिहिलेली नव्हती, कारण जे सांगायचं ते त्या स्वतःच्या तोंडाने सांगायच्या, आणि एखाद्या पाटीने मान खाली घालावी असं सांगायच्या. भिंतीला लागून खुर्च्या होत्या, पण त्या सगळ्या वेगवेगळ्या उंचीच्या. एक इतकी उंच की टेकलं तरी बसल्यासारखं व्हावं, आणि शेवटची इतकी बुटकी की बालवाडीतून आणली असावी. एकीलाही हात नाहीत. नवीन पेशंट उंच खुर्चीवर बसायचा, आणि जसजसा उठायला शिकेल तसतसा बाई त्याला खालच्या खुर्चीवर पाठवायच्या. जगात माणसं वर चढण्यासाठी धडपडतात, इथे मात्र खाली उतरण्यासाठी चुरस. नारळ विकणारे एक गृहस्थ निवृत्त न्यायाधीशांच्या आधी बुटक्या खुर्चीवर पोचले, तेव्हा न्यायाधीशांनी तक्रार केली की आपल्यावर अन्याय झाला. बाई म्हणाल्या, "अपील वरच्या खुर्चीकडे करा. तुम्ही तिच्यावरच बसला आहात."

शेक आणि करंट या दोन शब्दांवर त्यांचा राग होता. पेशंट बिचारे मशीन लावून घ्यायच्या तयारीने यायचे. एक आजोबा रोज म्हणायचे, "आज तरी जरा शेक द्या." बाई म्हणायच्या, "शेक पापडाला देतात. तुम्ही उठा." एक मशीन त्यांच्याकडे होतं, त्याच्यावर क्रोशाचं कापड घालून फुलदाणी ठेवलेली. एकदा शहरातल्या एका मोठ्या झकपक सेंटरचे मालक भागीदारीचं विचारायला आले. मी तेव्हा आबांबरोबर आत होते. गृहस्थ बराच वेळ यंत्रांचं वर्णन करत होते. बाईंनी शांतपणे ऐकून विचारलं, "यात पेशंटने काय करायचं?" ते कौतुकाने म्हणाले, "काही नाही! नुसतं पडून राहायचं." "ते तर हे लोक घरी करतच होते," बाई म्हणाल्या, "म्हणून तर माझ्याकडे आले." गृहस्थ उठले, तर जाताना बाईंनी त्यांना सांगितलं की बसून कामं करणं कमी करा, कंबर डावीकडे कलतेय. ते पुढे महिनाभर व्यायामाला येत होते. अर्थात मागल्या दाराने.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. लक्षात राहायची ती चाल. रस्त्याने जाताना त्यांची नजर कायम लोकांच्या पायांवर. एकदा भाजीवाल्याजवळ एका अनोळखी गृहस्थांना त्यांनी थांबवलं. "डावा गुडघा. जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. बरोबर?" ते बावरून म्हणाले, "हो, पण आपली ओळख...?" "तुमच्या गुडघ्याशी झाली," बाई म्हणाल्या, "तुमच्याशी नंतर होईल." लग्नाला गेल्या तरी सप्तपदी सोडून त्यांना कशातच रस नसायचा, कारण तेवढ्यातच नवरा-नवरी चालतात. एका भाचीच्या लग्नात अक्षता पडल्यावर सगळे "जोडा शोभतो" म्हणत होते, तेव्हा यांनी विहिणीला सांगितलं, "मुलगा चांगला आहे. टाच मात्र दाखवून घ्या."

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे ते मागे बांधलेले हात. पेशंट उठायला लागला, थरथरायला लागला, की आपण कोणीही धावू. बाई त्या क्षणी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेऊन बोटांत बोटं अडकवायच्या. जीव घाबरा होईल असं ते दृश्य. न्यायाधीश एकदा कळवळून म्हणाले, "अहो, जरा हात तरी द्या!" "तुमच्याकडे दोन आहेत. एक जरा आळसावलाय, त्याला कामाला लावू." माझ्या समोर कितीतरी माणसं त्या खोलीत झोकांडली, पण जमिनीवर आदळलेलं मी एकही पाहिलं नाही. त्या बांधलेल्या हातांची गाठ कधी सुटायची आणि माणूस कधी सावरला जायचा, हे मला शेवटपर्यंत दिसलं नाही. माणूस सरळ झाला की बघावं तर हात पुन्हा पाठीमागे.

तर अशा बाईंकडे आम्ही आबांना घेऊन गेलो. आम्ही म्हणजे आई, मी आणि आबांची टोळी. हमालांची टोळी म्हणजे घरच. त्यातून टोळीचे मुकादमकाका म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे सोबती. "शिंद्याला रिक्षात कोंबून न्यायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी टेंपो केला. गेटशी टेंपो थांबला. मुकादमकाका आणि आणखी दोघे, जन्मभर ओझं उचललेली माणसं ती. त्यांनी आबांना असं अलगद उचललं की अंगावरच्या चादरीची घडी मोडली नाही. फरशीवरून आणलं आणि दारातून आत येऊन उंच खुर्चीवर ठेवलं. मला खरंच अभिमान वाटला. बाई कौतुकाने बघत होत्या.

"कुठून आणलंत?"

"मार्केट यार्डातनं," मुकादमकाका म्हणाले.

"ते दिसलंच. ठेवायची पद्धत फार सुरेख आहे. आता असंच उचला आणि गेटपाशी नेऊन ठेवा."

"आँ? का?"

"माझ्याकडे माणसं येतात. माल येत नाही."

मुकादमकाकांच्या मानेची शीर फुगली. "बाई, तोंड सांभाळून बोला. आमचा माणूस हाय त्यो."

"माणूस आहे ना? मग त्याच्या पायांना जमीन लागू द्या. झटका येऊन किती दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत हे पाय जमिनीला लागले आहेत का? विचारा त्यांना."

कोणी विचारलं नाही. आबा स्वतःच मान हलवून नाही म्हणाले. खरं तर त्या एका गोष्टीत आम्हा सगळ्यांची चूक होती, आणि ती चूक करायला हमालाचंच घर लागतं. दुसऱ्याच्या घरी आजारी माणसाला उचलायला कोणी नसतं, म्हणून तो नाइलाजाने तरी पाय टेकतो. आमच्याकडे उचलणारे हात इतके होते, आणि उचलण्यात इतके तरबेज, की आबांना अंथरुणातून मोरीपर्यंत जायलाही जमीन लागली नव्हती. मुकादमकाकांनी रागारागाने आबांना परत नेलं आणि गेटपाशी उभं केलं. बाईंनी त्यांच्या डाव्या हातात एक काठी दिली, स्वतः उजव्या बाजूला अर्धं पाऊल मागे उभ्या राहिल्या आणि हात मागे बांधले. "या."

त्या पंधरा-वीस पावलांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. सोसायटीतली माणसं गॅलरीत आली, न्यायाधीश दारात आले, नारळवाले त्यांच्या मागे. आबांचा उजवा पाय फरशीवर घासत होता, घाम गळत होता. मध्येच ते एवढे कलले की आई ओरडली. पुढच्या क्षणी आबा सरळ, आणि बाईंचे हात पाठीमागे बांधलेलेच. आम्हाला एवढंच दिसलं. दाराच्या चौकटीला हात लावून आबा आत आले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आई रडली, मी रडले. मुकादमकाका टेंपोकडे तोंड करून उभे होते. बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "फार उशीर झाला. उद्या घरून लवकर निघा."

मुकादमकाका त्यानंतर तिथे यायचे बंद झाले. आम्ही तिघं रिक्षाने जायला लागलो. पाय हळूहळू टेकायला लागला, पण हात काही हलेना. बाई रोज विचारायच्या, "घरी हाताने काय करता?" आई रोज सांगायची, "करत्यात की समदं." बाईंनी ऐकून घेतलं, आणि एका दुपारी न सांगता आपल्या मोपेडवरून आमच्या वस्तीत हजर. वाटेवर कुत्री मागे लागलेली, साडीला चिखल. आत आल्या तेव्हा आई आबांना भाकरी कुस्करून भरवत होती.

आईने घास खाली ठेवला नाही. उलट ताठ मानेने म्हणाली, "जलमभर ह्यांनी आमचं ओझं वाह्यलं. आता दोन घास मी भरवले तर काय पाप झालं?"

बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या. अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "शिंदेबाई, तुम्ही कधी जेवता?"

"ह्यांचं झाल्यावर. बायामाणसं आदी जेवत्यात व्हय?"

"यांचं झालं नाही तर?"

"तर न्हाई जेवत. त्यात काय?"

बाई आबांकडे वळल्या. "ऐकलंत शिंदे? तुमचं झाल्याशिवाय या जेवत नाहीत. आजपासून तुम्ही तुमच्या उजव्या हाताने जेवायचं. तुमचं होईपर्यंत या उपाशी राहतील. आणि मी पाहुणी आहे, यजमानीणबाईंच्या आधी मीही जेवणार नाही. करा सुरुवात."

मला त्यांचा भयंकर राग आला. असली क्रूर बाई! आबा आईकडे बघत राहिले. लग्न झाल्यापासून ती नंतर जेवते हे त्यांना ठाऊक होतंच, पण त्याची गणती त्यांनी कधी केली नसावी. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून ताटात ठेवला. बोटं उघडेनात. पहिला घास ताटातच राहिला, दुसरा मांडीवर पडला. आई दोनदा पुढे सरकली, बाईंनी तिला नुसत्या नजरेने बसवलं. बाहेर ऊन कलायला लागलं. कालवण गार झालं. आबांच्या मिशीला भाकरीचा भुगा, सदऱ्यावर कालवण, आणि कपाळावर पोतं वाहताना यायचा तसा घाम. आणि मग एक घास, अर्धा सांडत का होईना, उजव्या हाताने तोंडात गेला. नंतर आणखी एक. ताट संपलं नाही, पण आबांनी हात जमिनीवर टेकवला आणि आईला म्हणाले, "झालं माझं. तू जेव."

आईने स्वतःचं ताट घेतलं आणि बाईंनाही वाढलं. बाईंनी कांदा मागून घेतला आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुपारचे सगळे पेशंट दवाखान्याच्या दारात ताटकळत असणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. एवढी पुस्तकं वाचली होती मी, पण माझ्याच घरातल्या जेवणाच्या पद्धतीत माझ्या बापाचं औषध आहे, हे बघायला परक्या बाईला यावं लागलं.

राहता राहिलं उठणं. आबा उंच खुर्चीवरून उठायचे, मधल्या खुर्चीवरून उठायचे, पण बुटक्या खुर्चीवर बसले की ढिम्म. बाईंनी सगळं करून पाहिलं. सांगून झालं, टोचून झालं, न्यायाधीशांचं उदाहरण देऊन झालं. "पायात ताकद आहे," त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, "मग अडतंय कुठे?" आणि एके पहाटे त्या मार्केट यार्डात गेल्या. हे मला पुढे मुकादमकाकांनीच सांगितलं. ट्रकांच्या गर्दीत, कांद्याच्या फोलपटांत, हात मागे बांधून ही बाई हमालांचे पाय बघत उभी. कोणीतरी तपासणीला आलंय अशी आवई उठली आणि एका व्यापाऱ्याने घाईघाईने आपला काटा पुसून घेतला. मुकादमकाकांनी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. उजाडेपर्यंत बघून झाल्यावर बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"पाठीवर पोतं पडलं की मागचा माणूस ओरडतो, ते काय?"

"हाळी हाय ती. हाळी बसली की गडी उठतो."

"शिंद्यांना कोण द्यायचं?"

"मी. दुसरं कोन देनार?"

"मग आज दवाखान्यात या. मला ओरडायला माणूस हवाय."

मुकादमकाकांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी असताना?"

बाई हसल्या म्हणे. त्या हसल्याची माझ्या माहितीत ही एकच नोंद आहे, आणि तीही ऐकीव.

मुकादमकाका आले. आबा बुटक्या खुर्चीवर बसलेले. बाईंनी त्यांचे पाय हमाल रोवतो तसे रोवून घेतले, अंग पुढे झुकवायला सांगितलं आणि मुकादमकाकांना मागे उभं केलं. काकांनी छाती भरून हाळी दिली, "हुंऽऽ घे रंऽऽ!" खिडकीची काच थरारली. आणि आबा उठले. विचार न करता, काठी न घेता, ताडकन उठून उभे राहिले, मग आपण उभे आहोत हे कळून घाबरले. गंमत म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचे न्यायाधीशही उठून उभे होते. त्यांना नारळवाल्यांनी खाली बसवलं. बाई म्हणाल्या, "जे अंगाला आधीच येतं ते मी मूर्खासारखी नव्याने शिकवत बसले होते." आणि मुकादमकाकांना, "उद्याही या. आवाज थोडा कमी. वर लहान मूल झोपतं." मुकादमकाका पुढे रोज आले. हाळी रोज थोडी बारीक होत गेली, मग नुसतं "हुं" राहिलं, आणि मग एक दिवस ते यार्डात अडकले तेव्हा आबा त्यांच्याशिवायच उठले.

त्यानंतर लवकरच बाई म्हणाल्या, "शिंदे, उद्यापासून येऊ नका." आबांना फार लागलं ते. आईने लाडू करून नेले होते, ते त्यांनी घेतले नाहीत. "बरे झालेले पेशंट मला इथे नको असतात. खुर्ची अडते." माझा निकाल लागला तेव्हा आबांना गेटपाशी उभं करून मी पेढे घेऊन गेले, तर मला दारातूनच म्हणाल्या, "कोणाची कोण? शिंद्यांची? वडील कसे आले, चालत? गेटपर्यंत? मग त्यांना घेऊन लगेच जा, उभं ठेवू नका." एवढं बोलून त्या आत वळल्या. पण खिडकीशी त्यांची सावली होती. आबा रस्त्याच्या वळणापर्यंत पोचेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढे ती सोसायटी पाडली, तिथे उंच इमारत झाली. मी दोन-तीनदा चौकशी केली. कोणी म्हणालं त्या बहिणीकडे गेल्या, कोणी म्हणालं आता काम करत नाहीत, बोटं दुखतात त्यांची. भेटल्या तरी मला ओळखणार नाहीत, हे मला माहीत आहे. आभार मानायचे राहून गेले. त्यांनी मानूच दिले नाहीत. कधी गर्दीत एखादी वयस्क बाई हात मागे घेऊन लोकांच्या पायांकडे बघत उभी दिसली की मी जरा थांबते. अजून तरी त्या नसतात.

मी बी.कॉम. झाले, नोकरीला लागले, आम्ही वस्तीतून दोन खोल्यांत आलो. आबांनी परत पोतं उचललं नाही. टोळीने त्यांना आलेला माल मोजून घ्यायच्या कामाला बसवलं. तिथे ते आपल्या पायांनी जातात. आणि त्या गेटपासून आजपर्यंत आबांना उचलायची वेळ कोणावर आलेली नाही.